इमाम बुखारी (रह.) : टिपणापासून ग्रंथापर्यंत

अल्लाहने मानवाला दिलेल्या देणग्यांमध्ये लेखणीचे स्थान फार मोठे आहे. अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर अवतरलेल्या पहिल्याच आयतींमध्ये वाचनाचा आदेश आहे आणि लेखणीद्वारे ज्ञान देण्याच्या ईशकृपेचा उल्लेख आहे. पुढे सूरह अल-बकरामध्ये मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद दिली गेली. जो धर्म पैशाअडक्याच्या देण्याघेण्यातही केवळ स्मरणावर विसंबून राहू देत नाही, त्या धर्माच्या अनुयायांनी आपल्या प्रेषितांच्या (स.) वचनांची नोंद किती काळजीने केली असेल, हे समजून घ्यायचे असेल तर इमाम बुखारी (रह.) यांच्या चरित्राकडे वळावे.

सहीह बुखारी हे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. दारुल उलूममधील शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी हा ग्रंथ पूर्ण करतात, तेव्हा खत्मे बुखारीच्या जलशाला गावोगावची माणसे जमतात. परंतु हा ग्रंथ तयार कसा झाला, लाखो रिवायतींच्या पसाऱ्यातून हवी ती हदीस हव्या त्या ठिकाणी कशी आणली गेली, इमाम साहेब रात्री-अपरात्री टिपणे कशी करीत व ती कशी तपासत, याचा विचार क्वचितच केला जातो. या लेखात त्यांचे जीवन याच अंगाने पाहावयाचे आहे.

जन्म आणि आईची दुआ

इमाम साहेबांचे नाव मुहम्मद, पित्याचे नाव इस्माईल. १३ शव्वाल १९४ हिजरी (इ.स. ८१०) रोजी शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, बुखारा येथे त्यांचा जन्म झाला. हे शहर आज उझबेकिस्तानात आहे. पिता इस्माईल (रह.) हे स्वतः हदीसचे जाणकार होते आणि त्यांनी इमाम मालिक (रह.) यांच्याकडून हदीस ऐकली होती. ते व्यापारी होते. आपल्या संपत्तीत हरामचा तर नाहीच, पण संशयास्पद असा एक दिरहमही आपल्या माहितीत नाही, असे त्यांनी अखेरच्या समयी सांगितल्याचे चरित्रकार नमूद करतात. मुलगा लहान असतानाच ते निवर्तले.

पोरक्या मुलाचा सांभाळ आईने केला. बालपणी त्यांची दृष्टी गेली होती. आईने अल्लाहपुढे अश्रू ढाळीत दीर्घकाळ दुआ केली, स्वप्नात तिला हजरत इब्राहीम (अ.) यांचे दर्शन झाले व दृष्टी परत मिळाल्याची शुभवार्ता मिळाली, आणि सकाळी मुलाला दिसू लागले, असे वर्णन आढळते. ज्या डोळ्यांनी पुढे हजारो पाने तपासली, ते डोळे एका मातेच्या दुआचे फळ होते.

अकरा वर्षांचा विद्यार्थी आणि उस्तादांची वही

दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना हदीस मुखोद्गत करण्याची गोडी लागली. बुखाऱ्यातील दाखिली नावाच्या उस्तादांच्या वर्गात ते बसत. एके दिवशी उस्तादांनी एका हदीसची सनद, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी, वाचताना इब्राहीम यांच्यापासून अबू जुबैर यांनी हदीस घेतल्याचे सांगितले. अकरा वर्षांच्या मुहम्मदने अदबीने सांगितले की अबू जुबैर यांनी इब्राहीम यांच्याकडून हदीस घेतलेलीच नाही. उस्तादांनी दटावले. तेव्हा मुलाने मूळ वही पाहण्याची विनंती केली. उस्ताद आत गेले, वही उघडून पाहिली आणि बाहेर येऊन त्यांनी मुलालाच बरोबर नाव विचारले. ते नाव होते जुबैर बिन अदी. उस्तादांनी त्याच्या हातातील लेखणी घेतली, आपल्या प्रतीत दुरुस्ती केली आणि मुलाचे म्हणणे खरे असल्याचे मान्य केले.

या प्रसंगातून बाल बुखारींची बुद्धिमत्ता दिसते, हे खरेच. परंतु त्यात उस्तादांचा मोठेपणाही आहे आणि वहीचे महत्त्वही आहे. वाद आवाज चढवून मिटला नाही. मूळ नोंद उघडून मिटला. स्मरण आणि लेखन यांनी एकमेकांची तपासणी करावी, हा धडा इमाम साहेबांना बालपणीच मिळाला व तो त्यांनी आयुष्यभर पाळला.

मदिनेतील चांदण्या रात्री

सोळाव्या वर्षापर्यंत त्यांनी अब्दुल्लाह बिन मुबारक (रह.) व वकीअ (रह.) यांचे ग्रंथ मुखोद्गत केले होते. त्याच सुमारास, २१० हिजरीमध्ये, आई व थोरले बंधू अहमद यांच्यासह ते हजला गेले. हज पूर्ण झाल्यावर बंधू परतले; इमाम साहेब मात्र ज्ञानार्जनासाठी तेथेच राहिले.

अठराव्या वर्षी त्यांनी प्रथम सहाबा (रजि.) व ताबिईन यांच्या निर्णयांविषयी एक ग्रंथ रचला. त्यानंतर मदिनेत प्रेषितांच्या (स.) रौजा-ए-मुबारकजवळ बसून, चांदण्या रात्रींच्या उजेडात, त्यांनी तारीखे कबीर हा ग्रंथ लिहावयास घेतला. हदीस कथन करणाऱ्या रावींच्या परिचयाचा हा ग्रंथ होय. त्यात १२,००० हून अधिक नावे आहेत. कोण कोठला, कोणाकडून ऐकले, कोणाला सांगितले, कोणाची भेट कोणाशी झाली, ही माहिती विखुरलेली होती. ती कोणत्या क्रमाने मांडावी, हा प्रश्न होता. इमाम साहेबांनी नावे अक्षरक्रमाने लावली, मात्र आरंभ मुहम्मद नावाच्या रावींपासून केला, कारण ते प्रेषितांचे (स.) नाव आहे. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असल्या तर त्या वडिलांच्या नावांच्या अक्षरक्रमाने दिल्या. त्यामुळे हजारोंमधून एक माणूस शोधणे विद्यार्थ्याला सुलभ झाले.

या ग्रंथातील बहुतेक प्रत्येक नावामागे आपल्याला एखादी हकिकत ठाऊक होती, पण ग्रंथ लांबवणे आवडले नाही म्हणून ती घातली नाही, असे ते सांगत. माहिती जमवणाऱ्याला हा मोह आवरणे कठीण असते. जे जमले ते सारे वाचकापुढे ओतावे असे वाटते. इमाम साहेबांनी वाचकाच्या गरजेला आपल्या संग्रहापेक्षा वरचे स्थान दिले. हा ग्रंथ हाती आल्यावर त्यांचे उस्ताद इसहाक बिन राहवैह (रह.) इतके हरखले की तो घेऊन ते थेट खुरासानचे शासक अब्दुल्लाह बिन ताहिर यांच्याकडे गेले आणि ही जणू जादूच आहे अशा शब्दांत त्यांनी त्याची ओळख करून दिली.

प्रवास, स्मरण आणि लेखन

यानंतर अनेक वर्षे प्रवासात गेली. बल्ख, मर्व, नीशापूर, रय, बगदाद, बसरा, कूफा, मक्का, मदिना, शाम आणि मिसर येथील उस्तादांकडून त्यांनी हदीस लिहून घेतली. अशा उस्तादांची संख्या १,००० हून अधिक होती.

बसऱ्यातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सहाध्यायी रोज उस्तादांच्या सभेत लिहून घेत. तरुण बुखारी नुसते ऐकत बसत. सोबत्यांनी काही दिवस त्यांना टोकले. सोळा दिवस झाल्यावर त्यांनी सोबत्यांच्या वह्या मागवल्या आणि १५,००० हून अधिक हदीस तोंडपाठ म्हणून दाखवल्या. शेवटी सोबत्यांनीच त्यांच्या पाठांतरावरून आपल्या वह्या दुरुस्त केल्या. बगदादमध्ये १०० हदीसच्या सनदी मुद्दाम उलटसुलट करून त्यांची परीक्षा घेतली गेली व त्यांनी प्रत्येक सनद आपल्या जागी बसवून दाखवली, ही हकिकतही सांगितली जाते.

असे स्मरण लाभलेल्या माणसाला लिहिण्याची गरज वाटू नये. परंतु इमाम साहेबांचे उरलेले सारे जीवन लेखणी हाती घेऊनच गेले. बसऱ्यात ऐकलेली हदीस शाममध्ये आणि शाममध्ये ऐकलेली मिसरमध्ये लिहिल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मनात साठवलेले ज्ञान माणसाबरोबर जाते. कागदावर उतरलेले ज्ञान उम्मतला मिळते, याची त्यांना जाण होती. सहीह बुखारीतील ज्ञानविषयक प्रकरणात त्यांनी ज्ञान लिहून ठेवण्यावर एक स्वतंत्र भाग ठेवला आहे. त्यात अबू शाह नावाच्या यमनी गृहस्थांचा उल्लेख येतो. मक्का-विजयाच्या प्रसंगी प्रेषितांनी (स.) केलेले भाषण आपल्याला लिहून मिळावे, अशी विनंती त्यांनी केली आणि प्रेषितांनी (स.) ते त्यांना लिहून देण्याचा आदेश दिला. त्याच भागात अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हदीस लिहून ठेवीत असत, याची साक्ष अबू हुरैरा (रजि.) देतात.

रात्री पेटणारा दिवा

त्या काळी ग्रंथांच्या नकला करणाऱ्यास व लेखनात साहाय्य करणाऱ्यास वर्राक म्हणत. इमाम साहेबांचे वर्राक मुहम्मद बिन अबी हातिम हे प्रवासात त्यांच्यासोबत असत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगितली आहे. रात्री दोघे एकाच खोलीत झोपत. इमाम साहेब अंथरुणावर पडत. थोड्या वेळाने उठत, स्वतःच्या हाताने चकमक झाडून दिवा लावत, हदीसची पाने काढून त्यांवर खुणा करीत आणि पुन्हा डोके टेकत. असे एका रात्रीत पंधरा ते वीस वेळा घडे. त्यांचे शिष्य फिरब्री यांनीही एका रात्री मोजले, तेव्हा अठरा वेळा दिवा लागला होता.

काडी ओढली की ज्योत पेटते, असा तो काळ नव्हता. चकमकीची ठिणगी पाडायची, ती पेट घेईपर्यंत जपायची, मग वात लावायची. प्रत्येक वेळी एवढे श्रम होते. सुचलेला मुद्दा सकाळी आठवेल, असे म्हणून कूस बदलणे सोपे होते. ज्यांच्या स्मरणशक्तीची ख्याती दूरदेशी पोहोचली होती, त्या इमामांनी मात्र सकाळवर भरवसा ठेवला नाही. मनात आलेला विचार ही अल्लाहची देणगी आहे आणि देणगीचे रक्षण मिळाल्या क्षणी करावयाचे असते, ही त्यामागची भावना होती.

वर्राकांनी एकदा विचारले की आपण मला का उठवत नाही? यावर त्यांचे उत्तर असे होते की तू तरुण आहेस, तुझी झोप मोडणे मला आवडत नाही. आणि पहाटेपूर्वी, या सर्व जागरणानंतर, ते वित्रसह तेरा रकअत नमाज अदा करीत. ज्ञानाच्या मागे लागून त्यांनी सोबत्याला कष्ट दिले नाहीत आणि इबादतही सोडली नाही.

कच्च्या मसुद्यापासून पक्क्या प्रतीपर्यंत

इसहाक बिन राहवैह (रह.) यांच्या सभेत एकदा असा विषय निघाला की प्रेषितांच्या (स.) सहीह हदीसचा एक संक्षिप्त संग्रह कोणी तयार केला तर किती चांगले होईल. ही गोष्ट इमाम साहेबांच्या मनात रुजली. सुमारे ६,००,००० रिवायतींमधून निवड करून सोळा वर्षांत त्यांनी ग्रंथ सिद्ध केला. ही संख्या वेगवेगळ्या वचनांची नव्हे. एकच वचन दहा सनदींनी आले असेल तर त्या दहा रिवायती मोजल्या जात. ग्रंथात आज पुनरावृत्तीसह ७,००० हून थोड्या अधिक आणि पुनरावृत्ती वगळता सुमारे २,६०० हदीस आहेत. प्रत्येक हदीस ग्रंथात दाखल करण्यापूर्वी ते गुस्ल करीत व दोन रकअत नमाज अदा करीत.

हा ग्रंथ कोणी मक्केत लिहिला गेल्याचे सांगतो, कोणी मदिनेत तर कोणी बुखाऱ्यात. विद्वानांनी याचा उलगडा असा केला आहे की मसुदा अनेक ठिकाणी तयार होत गेला. प्रकरणांची शीर्षके त्यांनी मदिनेत, रौजा आणि मिंबर यांच्या दरम्यान बसून, पक्क्या प्रतीत उतरवली. आपले सर्व ग्रंथ आपण तीन-तीन वेळा लिहिल्याचे त्यांनी सांगितले आहे. पहिल्या टिपणाला त्यांनी ग्रंथ मानले नाही.

मांडणीचा विचार तर त्याहून सूक्ष्म आहे. ग्रंथात ९७ प्रकरणे आहेत. आरंभ वह्यीपासून होतो, मग ईमान, मग इल्म, त्यानंतर वुजू, नमाज असे क्रमाने पुढे जात शेवट तौहीदवर होतो. कर्म हे नियतीवर अवलंबून असल्याची हदीस आपणा सर्वांना परिचित आहे. ती ग्रंथाच्या अगदी आरंभी येते; पुढे ईमान, गुलामांची मुक्ती, हिजरत, निकाह, शपथा आणि कायद्यातील पळवाटा या प्रकरणांतही येते. अशी ती एकूण सात ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या उस्तादांकडून ऐकलेल्या सनदीने दिलेली आहे. निकाहविषयी शोधणाऱ्याला ती तेथे सापडावी आणि शपथेविषयी विचारणाऱ्याला तेथे, अशी ही योजना आहे. एक मोती अनेक पेट्यांत कसा ठेवावा, हे ज्याला साधले त्याची टिपणे कधी हरवत नाहीत. म्हणूनच विद्वान म्हणत आले की इमाम बुखारींचा फिकह त्यांच्या शीर्षकांत आहे.

कोऱ्या राहिलेल्या जागा

इमाम साहेबांची मूळ प्रत त्यांचे शिष्य फिरब्री यांच्याजवळ होती. तिच्यावरून नक्कल करणाऱ्या मुस्तमली यांनी सांगितले आहे की तिच्यात काही ठिकाणी शीर्षक होते पण त्याखाली काही लिहिलेले नव्हते, आणि काही हदीस होत्या पण त्यांना शीर्षक नव्हते. याची कारणे विद्वानांनी निरनिराळी दिली आहेत. पण एक गोष्ट निश्चित आहे. ज्यांच्या संग्रही लाखो रिवायती होत्या, त्यांना त्या जागा भरणे कठीण नव्हते. एखादी कमकुवत रिवायत तेथे सहज बसली असती आणि पान भरलेले दिसले असते. त्यांनी तसे केले नाही. आपल्या कसोटीला न उतरणारे घालण्यापेक्षा जागा कोरी ठेवणे त्यांना मान्य होते.

हीच निष्ठा माणसांविषयीच्या नोंदींत दिसते. रावींचे दोष सांगताना त्यांचे शब्द अत्यंत संयमी असत. कोणाची गीबत केल्याबद्दल अल्लाह आपला हिशेब घेणार नाही, अशी आशा ते बाळगून होते. २५० हिजरीमध्ये नीशापूरला त्यांचे मोठे स्वागत झाले. पुढे तेथील थोर विद्वान मुहम्मद बिन यह्या जुहली यांच्याशी कुरआन-पठणाविषयीच्या एका सैद्धांतिक प्रश्नावरून तीव्र मतभेद झाला, लोक त्यांच्या सभेतून निघून गेले आणि त्यांना शहर सोडावे लागले. तरीही जुहली यांच्याकडून ऐकलेल्या हदीस त्यांनी आपल्या सहीहमध्ये कायम ठेवल्या. पूर्ण नावानिशी उल्लेख टाळला, पण हदीस गाळली नाही. मन दुखावले म्हणून नोंद बदलायची नसते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

अखेरचा प्रवास

बुखाऱ्याला परतल्यावर तेथील अमीर खालिद बिन अहमद याने निरोप पाठवला की आपले ग्रंथ घेऊन महालात यावे व आम्हाला ऐकवावे. इमाम साहेबांनी नकार दिला. ज्ञानाला राजद्वारी नेऊन हलके करणे त्यांना मान्य नव्हते. ज्याला ऐकायचे असेल त्याने मशिदीत किंवा घरी यावे, असे त्यांनी कळवले. आपल्या मुलांसाठी तरी वेगळी सभा भरवावी, ही अमीराची दुसरी मागणीही त्यांनी नाकारली, कारण काहींना बोलवून इतरांना वगळणे त्यांना जमणार नव्हते. परिणामी त्यांना जन्मभूमी सोडावी लागली.

समरकंदजवळील खरतंक या गावी ते नातलगांकडे राहिले. तेथेच २५६ हिजरी (इ.स. ८७०) मध्ये ईदुल फित्रच्या रात्री त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या वयाला बासष्ट वर्षे पूर्ण होण्यास तेरा दिवस कमी होते. ईदच्या दिवशी जुहरनंतर त्यांचे दफन झाले. त्यांना गावाबाहेर काढणाऱ्या अमीराचे नाव आज केवळ त्यांच्याच चरित्रामुळे आठवले जाते.

आपल्यासाठी

आज आपल्या हाती कागद, लेखणी आणि मोबाईल आहे. चकमक झाडावी लागत नाही. तरीही मशिदीत ऐकलेला चांगला विचार घरी पोहोचेपर्यंत विसरला जातो आणि दुसरीकडे, मोबाईलवर आलेली कोणतीही ओळ हदीस म्हणून क्षणात पन्नास जणांना पाठवली जाते. ती कोणी सांगितली, कोणत्या ग्रंथात आहे, हे पाहिले जात नाही. ज्या इमामांनी कसोटीला न उतरणारी एक ओळ लिहिण्यापेक्षा पान कोरे ठेवले, त्यांच्यावर प्रेम असल्याचे सांगणाऱ्यांना हे शोभत नाही.

घरात एक वही ठेवावी. दर्समध्ये किंवा वाचनात मिळालेली गोष्ट त्याच दिवशी तीत उतरावी. सोबत ती कोणाकडून ऐकली व कोणत्या ग्रंथात आहे, तेही लिहावे. नमाज, शेजारधर्म, आईवडिलांची सेवा, व्यापार अशा विषयांना वेगळी पाने द्यावीत, म्हणजे गरजेच्या वेळी ती सापडेल. जेथे खात्री नसेल तेथे जागा सोडावी आणि आलिमांना विचारून मगच भरावी. मुलांनी चूक दाखवली तर त्यांना न दटावता मूळ ग्रंथ उघडावा, जसा बुखाऱ्यातील त्या उस्तादांनी उघडला. आणि वही उघडण्यापूर्वी आपली नियत तपासावी, कारण इमाम साहेबांनी आपल्या ग्रंथाचे पहिले पान त्याच हदीससाठी राखले आहे.

अल्लाह इमाम बुखारी (रह.) यांच्यावर कृपेचा वर्षाव करो, त्यांच्या परिश्रमांचा उत्तम मोबदला देवो आणि आम्हा सर्वांना ज्ञान ऐकण्याची, ते प्रामाणिकपणे जपण्याची व त्यानुसार आचरण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.